आधी कादंबरी, मग परवानगी: मिरजेतल्या एका अनुवादकाचं प्रकरण

मिरजेत राहणाऱ्या, पस्तिशीच्या एका बाईंनी ओमानी लेखिकेची कादंबरी अरबीतून थेट इंग्रजीत आणली. इंग्रजी मसुदा सत्तर हजार शब्दांचा झाला. लेखिकेची संमती होती, तीही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलेली. मसुदा हातावेगळा झाल्यावर दोन प्रकरणं नमुना म्हणून इंग्लंडमधल्या एका छोट्या प्रकाशनाकडे गेली. त्यांना ती आवडली आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला: इंग्रजीचे हक्क कुणाकडे आहेत? शोध घेतल्यावर कळलं की लेखिकेकडे ते नव्हतेच. मूळ पुस्तक बैरुतला छापलं होतं, हक्क त्या प्रकाशकाकडे होते, त्यानं ते एका एजंटाकडे सोपवले होते, आणि एजंटानं दुसऱ्याच एका इंग्रजी प्रकाशनाला शब्द दिला होता. त्या प्रकाशनाचा अनुवादकही ठरलेला होता.

पुढच्या वर्षभरात काय झालं ते इथे मांडते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. करारातले मुद्दे मात्र तसेच ठेवले आहेत, कारण सगळं अडलं आणि सुटलं ते तिथेच. मी सांगलीत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. ती माझी विद्यार्थिनी. आलेला प्रस्ताव समजून घ्यायला ती माझ्याकडे आली, म्हणून हे सगळं मला जवळून बघता आलं.

मिरज, हैदराबाद, पुणे

मिरज हे दवाखान्यांचं गाव. तिचे अब्बा इथेच लॅब टेक्निशियनचं काम शिकले आणि मस्कतच्या एका रुग्णालयात अठरा-वीस वर्षं राहिले. सुट्टीत तिकडे गेलं की शेजारपाजारची ओमानी बोली कानावर पडायची, तेवढीच. लिहिण्या-वाचण्याची अरबी तिनं नंतर शिकली. सांगलीत बी.ए. झाल्यावर ती हैदराबादला इफ्लूच्या, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाच्या, अरबी विभागात एम.ए.ला गेली. अरबी शिकून निघालेल्या मुलांचं पुढे काय होतं हे आपल्याकडे फारसं ठाऊक नसतं. बहुतेकांना साहित्याचं काम मिळत नाही. आखाती कंपन्यांची बॅक ऑफिसं, कॉल सेंटर आणि परदेशी रुग्ण घेणारी रुग्णालयं हीच त्यांची ठिकाणं. ती पुण्यातल्या एका रुग्णालयात दुभाषी म्हणून लागली. लग्नानंतर मिरजेला परत आली, तरी काम सुटलं नाही. रुग्णाशी डॉक्टरांचं बोलणं आता ती व्हिडिओ कॉलवर सांभाळते आणि शस्त्रक्रियेची संमती वगैरे असेल तेव्हा कोयना एक्स्प्रेसनं पुणं गाठते.

या नोकरीबद्दल ती सुरुवातीला ओशाळूनच बोलायची. तिच्या लेखी खरं काम रात्रीचं, कादंबरीचं. दिवसाचं काम पोटासाठी. मला ते तसं वाटलं नाही. अरबी साहित्यात निवेदन सहसा प्रमाण अरबीत असतं, पण संवादात लेखक अनेकदा आपापल्या देशाची बोली वापरतात. कैरोतला माणूस बोलतो तसं बगदादचा बोलत नाही, आणि मस्कतच्या डोंगरातल्या म्हातारीचं बोलणं दोघांनाही जड जाईल. छापलेल्या मजकुरात ऱ्हस्व स्वरांच्या खुणा बहुधा नसतात, त्यामुळे बोली कानाला माहीत नसेल तर डोळ्यांना काही दिसत नाही. विद्यापीठं प्रमाण भाषा शिकवतात. बोली शिकायची तर माणसांतच जावं लागतं. या मुलीकडे ओमान, इराक, येमेनहून आलेली माणसं रोज आपलं दुखणं सांगत होती. कुठल्या काकू मुलासमोर वेगळं आणि नर्ससमोर वेगळं बोलतात, घाबरलेला माणूस वाक्य कुठे अर्धवट सोडतो, हे तिला असं फुकट शिकायला मिळत होतं. प्रकरण पुढे जिथे अडलं, तिथे हीच गोष्ट कामी आली.

पोट कशावर भरतं

हा प्रश्न घरच्यांचा होता आणि रास्त होता. ‘‘हे करून महिन्याचं काय सुटतं?’’ असं तिच्या सासूबाईंनी मला थेट विचारलं.

ब्रिटनमधली लेखकांची संघटना, सोसायटी ऑफ ऑथर्स, साहित्यिक अनुवादाला हजार शब्दांमागे १०० पौंडांच्या आसपासचा दर धरते. सत्तर हजार शब्दांचे झाले सात हजार पौंड. शंभर रुपयांना पौंड धरला तरी सात लाख. ऐकायला बरं वाटतं. पण पहिला खर्डा, दुसरा हात, संपादकाचे प्रश्न, प्रुफं असं सगळं धरून या कादंबरीला वीस महिने लागतील असा तिचा अंदाज होता. म्हणजे महिना पस्तीस हजार. तेही पूर्ण दर मिळाला तर, आणि हप्त्यांनी. एक हप्ता करारावर सही झाल्यावर, एक मसुदा दिल्यावर, एक पुस्तक निघाल्यावर. मधल्या महिन्यांत खात्यावर काहीच येत नाही. पुढचं पुस्तक लगेच मिळेल याचीही खात्री नाही.

या क्षेत्रातल्या मोठ्या नावांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. आधुनिक अरबी साहित्य इंग्रजीत आणणाऱ्यांत डेनिस जॉन्सन-डेव्हिस (१९२२–२०१७) आद्य मानले जातात. त्यांनी अनुवादलेला पहिला कथासंग्रह १९४७ मधला, आणि सुदानी लेखक तैयब सालिह यांची ‘सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ’ १९६९ मध्ये इंग्रजीत आली तीही त्यांच्यामुळेच. त्यांनी बीबीसीच्या अरबी विभागात काम केलं, कैरोत शिकवलं, इतरही बरेच उद्योग केले. हम्फ्री डेव्हिस विकास संस्थांमध्ये उमेदीची वर्षं घालवून मग साहित्याकडे वळले. जोनाथन राइट रॉयटर्सचे पत्रकार. मर्लिन बूथ ऑक्सफर्डला प्राध्यापक होत्या. नुसत्या अनुवादावर संसार चालवल्याचं उदाहरण शोधायला गेलं तर हाताला फार थोडी लागतात.

बक्षिसांवरही भिस्त ठेवण्यासारखी नाही. अरबीतून इंग्रजीत येणाऱ्या साहित्यासाठी २००६ पासून दिला जाणारा सैफ घोबाश बनिपाल पुरस्कार मानाचा, पण रक्कम ३,००० पौंड. एका कादंबरीच्या पूर्ण मोबदल्याच्या निम्मीसुद्धा नाही. आंतरराष्ट्रीय बुकरचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटले जातात. २०१९ मध्ये ओमानच्या जोखा अल्हार्थी यांच्या ‘सेलेस्टियल बॉडीज’ला तो मिळाला आणि निम्मी रक्कम मर्लिन बूथ यांना गेली. मूळ अरबी पुस्तक मात्र २०१० चं होतं, आणि इंग्रजीत ते काढलं स्कॉटलंडमधल्या एका छोट्या प्रकाशनानं. हे सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, ‘‘मग दवाखान्याचं काम सोडू नको म्हणावं.’’ त्याबाबत आमच्यात कुणाचंच दुमत नव्हतं.

हक्क कुणाच्या हातात

लेखिकेनं फसवलं असं कुणी समजू नये. तिला स्वतःलाच वाटत होतं की अनुवादाचे हक्क आपलेच आहेत. अरब जगातल्या कितीतरी लेखकांची पुस्तकं आपला देश सोडून बैरुत किंवा कैरोला छापली जातात, आणि पुस्तक निघतंय या आनंदात करार कुणी वाचत बसत नाही. (मराठी लेखक वाचतात, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.) तिनं जुन्या कराराचा स्कॅन पाठवला. त्यात एका कलमात, इतर भाषांतल्या आवृत्त्यांसाठी परवाने देण्याचा अधिकार प्रकाशकाला दिलेला होता. विषय तिथेच संपला.

आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही अनुवादाचा हक्क मूळ कृतीच्या हक्काचाच भाग धरला आहे. घरी बसून स्वतःसाठी अनुवाद करायला कुणी अडवत नाही. तो छापायचा, विकायचा, वाटायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते. तिच्या नवऱ्यानं सुचवलं की इथेच कुठेतरी दोनशे प्रती छापून घेऊ, कोण विचारतंय. तो पर्याय पहिल्याच दिवशी बाद केला. बेकायदा आहे हे एक. दुसरं म्हणजे एजंटांचं जग लहान असतं, तिथे एकदा नाव खराब झालं की कुणी दाराशी उभं करत नाही.

दुसरी बाजूही होती. हक्क त्या प्रकाशनाकडे जाणार होते, पण मसुदा हिच्याकडे होता. तिच्या वाक्यांवर तिचा स्वतःचा काही हक्क नाही का? परवानगीशिवाय केलेल्या अनुवादाला किती संरक्षण मिळतं याबाबत सगळ्या देशांचे कायदे सारखे नाहीत. अमेरिकेतला कायदा अशा अनुवादकाच्या बाजूचा नाही. त्यामुळे कायद्याचा मुद्दा उकरून भांडायचं नाही, असं आम्ही ठरवलं. तिनं एजंटाला सगळी हकिकत लिहिली, काहीही न लपवता. मसुदा तयार आहे, लेखिकेच्या संमतीचा मजकूर हा असा, नमुना जोडला आहे, आणि तुमच्या प्रकाशकाला तो दाखवता येईल का, एवढंच विचारलं.

उत्तर यायला उशीर लागला, पण आलं.

‘कच्चा मसुदा’

एजंटानं शब्द दिलेल्या त्या प्रकाशनाचा नेहमीचा अनुवादक पुढचं दीड वर्ष दुसऱ्या कामात अडकलेला होता. तयार मसुदा मिळाला तर त्यांचा वेळ वाचणार होता. त्यांनी प्रस्ताव दिला: मसुदा आम्हाला द्या, आमचे अनुवादक त्यावरून हात फिरवून इंग्रजी घडवतील, तुम्हाला एकरकमी मोबदला देऊ, ऋणनिर्देशात तुमचं नाव येईल. रक्कम नेहमीच्या दरानं झाली असती त्याच्या पाव हिश्श्याहून कमी. मसुद्याचे सर्व हक्क प्रकाशनाकडे. कारण अतिशय सभ्य शब्दांत दिलं होतं: इंग्रजी वाचकाच्या कानाला शेवटचा हात मातृभाषक अनुवादकाचाच हवा.

हे वाक्य वाचून मला राग आला. अनुवाद मातृभाषेतच करावा, ही इंग्रजी प्रकाशनात मुरलेली समजूत आहे. तिच्यात काही तथ्य नाही असं नाही, पण ती नियमासारखी वापरली जाते. हिची घरची बोली दखनी, शाळा मराठी, लिहिण्याची भाषा इंग्रजी. यातली कुठली मातृभाषा धरायची? २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला मिळाला, तो कन्नडमधून इंग्रजीत आणणाऱ्या दीपा भास्ती कर्नाटकातल्या मडिकेरीच्या. मिरजेतून कर्नाटकची हद्द डोळ्यांना दिसते म्हणा ना. मडिकेरीचं इंग्रजी तिथे चालतं तर मिरजेचं न चालायला काय झालं, असं मी तिला म्हणाले. तिनं फक्त ऐकून घेतलं.

माझा सल्ला स्पष्ट होता: नाही म्हण. ऋणनिर्देशातल्या नावावर पुढचं काम मिळत नाही. यादीत, सूचीत, पुरस्काराच्या अर्जात अनुवादक म्हणून नाव लागतं ते मुखपृष्ठावरचं किंवा निदान शीर्षकपानावरचं. २०२१ मध्ये जेनिफर क्रॉफ्ट यांनी मुखपृष्ठावर नाव नसेल तर अनुवादच करणार नाही असं जाहीर केलं, सोसायटी ऑफ ऑथर्सनं त्यावरून मोहीम चालवली, ते याच कारणासाठी. दुसरी भीती होती, हात फिरवून झाल्यावर जे उरेल ते पाहायचाही अधिकार तिला राहणार नव्हता. मर्लिन बूथ यांनी २००७ मध्ये एका गाजलेल्या सौदी कादंबरीबाबत जाहीर तक्रार केली होती की आपल्या अनुवादात लेखिका आणि प्रकाशक यांनी मोठे बदल केले. त्या तर नाव असलेल्या अभ्यासक होत्या. हिच्याकडे तेही नव्हतं.

तिला माझं म्हणणं पटलं नाही. ‘‘मॅडम, मी नाही म्हटलं तर त्यांचं काय अडतं? दीड वर्षानं ते पुस्तक काढतीलच. माझा मसुदा मात्र कपाटात जाईल. नाही म्हणायला माणूस मोठा लागतो.’’ अब्बांनी वेगळंच सांगितलं: जे झालं ते शिक्षणाचा खर्च समज, पुढचं पुस्तक घे. नवरा म्हणत होता पैसे घे आणि मोकळी हो. चौघांची चार मतं, आणि त्यात पुण्याच्या रुग्णालयानं पूर्णवेळ समन्वयकाची जागा देऊ केली. पगार चांगला होता. पण पुण्यात राहावं लागणार होतं आणि रात्रीचं काम बंद झालं असतं.

तिनं जे केलं ते आमच्यापैकी कुणीच सुचवलेलं नव्हतं. प्रकाशनाला उत्तर देण्याआधी तिनं त्या दुसऱ्या अनुवादकालाच लिहिलं. त्याचं अरबी कैरोत घडलेलं होतं, हे त्याच्या परिचयावरून कळत होतं. तिनं तक्रार केली नाही. कादंबरीतल्या संवादांची वीस पानं काढली, प्रत्येक ठिकाणी समासात टिपा लिहिल्या: हे वाक्य कुणी कुणाला उद्देशून म्हटलंय, इथे आदर आहे की टोमणा, ही लकब किनाऱ्यावरची की डोंगरातली, इथे म्हातारी मुद्दाम अडाण्यासारखं का बोलते. आणि लिहिलं की तुम्ही हात फिरवणार असाल तर या टिपा उपयोगी पडतील.

त्याचं उत्तर मी वाचलं आहे. त्यानं मान्य केलं की यातल्या बऱ्याच जागा त्याला दिसल्या नसत्या, आणि हा मसुदा कच्चा नाही, त्याला संपादकाची गरज आहे, दुसऱ्या अनुवादकाची नाही. तसं त्यानं प्रकाशनालाही कळवलं. अनुवादकांमध्ये स्पर्धा असते तशी एकमेकांना धरून राहण्याची पद्धतही आहे, पण ती गृहीत धरता येत नाही. हा माणूस निराळा निघाला असता तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

मग करार नव्यानं लिहिला गेला. सहअनुवाद, दोघांची नावं शीर्षकपानावर आणि सूचीत. अनुवादाचा कॉपीराइट दोघांच्या नावे. अंतिम प्रुफं दोघांनी पाहिल्याशिवाय छपाई नाही. ठरावीक काळ पुस्तक बाजारात उपलब्ध नसेल तर अनुवादाचे हक्क अनुवादकांकडे परत. मोबदल्यातला मोठा वाटा तिचा, तरी पूर्ण दरापेक्षा बराच कमी. आगाऊ रक्कम वसूल झाल्यावर नाममात्र रॉयल्टी. मुखपृष्ठावर नाव द्यायला प्रकाशनानं साफ नकार दिला. मी म्हणत होते तिथे अडून बस. ती बसली नाही. आजही मला वाटतं, तो अनुवादक तिच्या बाजूनं असताना ती एक गोष्ट पदरात पडली असती. ती म्हणते, पडली नसती आणि करारही गेला असता. यावर आमचं एकमत होणार नाही.

कराचा भाग थोडक्यात. परदेशातून येणारी ही रक्कम इथे उत्पन्न म्हणून दाखवावीच लागते, आणि तिकडे कर कापला जाणार असेल तर दुहेरी कर टाळण्यासाठी भारतातलं रहिवास प्रमाणपत्र लागतं. हे काम सांगलीतल्या एका सीएंनी केलं. त्यांच्या टेबलावर अरबी कादंबरीचा करार पहिल्यांदाच आला असावा. त्यांनी तो हळदीच्या निर्यातीच्या फायलीशेजारी ठेवला.

पुढच्या पुस्तकाची पद्धत

दुसरं पुस्तक इराकी कथांचं आहे. या वेळी तिनं एकही कथा पूर्ण करण्याआधी लेखकाला विचारलं: मूळ करार दाखवता का? कलम वाचलं. हक्क प्रकाशकाकडे होते, म्हणून त्याला पत्र. इंग्रजीचे हक्क मोकळे आहेत आणि इंग्रजी प्रकाशक शोधायला तिला सहा महिने दिले आहेत, असं लेखी उत्तर आल्यावरच तिनं दहा-बारा पानांचा नमुना आणि दोन पानांची ओळख तयार केली. ओळखीत कथांचं कौतुक कमी आणि हे पुस्तक इंग्रजीत कुणी वाचावं, याची उत्तरं जास्त. एखादी कथा मासिकात आधी यावी म्हणून प्रयत्न चालू आहेत. या कामासाठी लंडनचं बनिपाल हे हक्काचं मासिक होतं. ते १९९८ मध्ये सुरू होऊन २०२२ मध्ये बंद पडलं. आता वर्ड्स विदाउट बॉर्डर्स, असिम्प्टोट अशी ऑनलाइन मासिकं आहेत, पण तिथे जगभरच्या भाषांची गर्दी असते. प्रकाशकांच्या यादीत तिनं ब्रिटनमधली नावं वर ठेवली आहेत, कारण इंग्लिश पेन या लेखकांच्या संस्थेचं ‘पेन ट्रान्सलेट्स’ अनुदान तिथल्या प्रकाशकाला मागता येतं आणि त्यातून अनुवादकाचा मोबदला निघू शकतो. अर्ज प्रकाशकानं करायचा असतो, अनुवादकानं नव्हे. हे तिला पूर्वी माहीत नव्हतं.

नव्यानं या वाटेला येऊ पाहणाऱ्या दोन मुलींना ती सध्या एक गोष्ट सांगते: सराव करायचा तर हक्क संपलेल्या लेखकांवर करा. जुर्जी झैदान १९१४ मध्ये वारले, मै झियादा १९४१ मध्ये. त्यांचा अनुवाद करताना कुणाच्या पत्राची वाट पाहावी लागत नाही. नॉर्विचच्या नॅशनल सेंटर फॉर रायटिंगची नवोदित अनुवादकांसाठी मार्गदर्शन योजना आहे, पण त्यातल्या भाषा दरवर्षी बदलतात, म्हणून अरबी असेल त्या वर्षी अर्ज तयार हवा. तिनं स्वतःचा अर्ज भरून ठेवला आहे.

पुण्याची पूर्णवेळ जागा तिनं घेतली नाही. व्हिडिओ कॉलचं काम वाढवून घेतलं आणि सकाळचे तीन तास मोकळे ठेवायची अट घातली. रुग्णालयानं ती मान्य केली, कारण इराकी बोली समजणारं दुसरं कुणी त्यांच्याकडे नव्हतं.

कादंबरीचा अंतिम मसुदा जाऊन महिना उलटून गेला. दुसरा हप्ता तीस दिवसांत मिळायला हवा होता, तो अजून आलेला नाही. काल आम्ही दोघींनी बसून स्मरणपत्र लिहिलं. तिच्या पहिल्या खर्ड्यात ‘सवड मिळेल तेव्हा’ असे शब्द होते. ते काढून त्या जागी कराराच्या कलमाचा क्रमांक घातला.